संगीतकार वसंत देसाई

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ सोनवडे नावाचे गाव आहे. पूर्वी हा मुलूख सावंतवाडी संस्थानात मोडत असे. येथे १९१२ साली वसंत देसाई यांचा जन्म झाला. मालवणचा किनारा आणि सह्याद्रीची रांग यांच्यामधील हा प्रदेश मोठा गाणावेडा! जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी खेळ रंगतात आणि मृदंग-झांजांच्या नादात पहाट कधी होते ते कळत नाही. भजन-कीर्तन तर नित्याचेच.

१९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. तरुण वसंतराव तेथे दाखल झाले. तेव्हा चित्रपट मुके होते. १९३० च्या ‘खुनी खंजीर’ या मूकपटात त्यांनी भूमिका केली. पण मूकपटात गोड गळ्याचा काय उपयोग? सुदैवाने लवकरच पडदा बोलू लागला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांचे गाणे लोकांनी ऐकले. या कंपनीत गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव अशा जाणत्यांचा सहवास त्यांना लाभला.

गाता गळा असूनही पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यासाठी चाली बांधण्याचे काम पत्करले. हा निर्णय साधा नव्हता. गाणाऱ्या नटाला रस्त्यातील माणूसही ओळखतो. चाल बांधणारा मात्र पडद्यामागेच राहतो.

१९४२ साली व्ही. शांताराम यांनी मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ काढले. वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. १९४३ च्या ‘शकुंतला’ची गाणी रागदारीच्या पायावर उभी होती. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटात मात्र तो साज चालला नसता. शाहिराचे गाणे शाहिरी थाटातच यावयास हवे! तेथे ढोलकी कडाडली आणि लावणीचा ठसका आला. १९५१ साली आलेला ‘अमर भूपाळी’ शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावर होता. देवाला पहाटे जागविणारी भूपाळी त्यातून घरोघरी पोहोचली. या चित्रपटाच्या ध्वनिलेखनाला फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पारितोषिकही मिळाले.

१९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ नृत्यावरील चित्रपट. त्याचे शीर्षकगीत थोर गायक उस्ताद अमीर खाँ यांनी गायिले. शिवकुमार शर्मा या तरुण वादकाचे संतूरही त्यात वाजले. सुरांची अशी श्रीमंती क्वचितच आढळते.

आणि दोनच वर्षांनी वसंतरावांनी हा सारा थाट आवरता घेतला. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही सहा खुनी कैद्यांची कथा. त्यांच्यावर विश्वास टाकून एक तुरुंगाधिकारी त्यांना मोकळ्या माळरानावर शेती करावयास नेतो. अशा कथेतील प्रार्थनेत कठीण ताना कशा शोभतील? भरत व्यासांच्या शब्दांना वसंतरावांनी अशी चाल दिली की, ती कच्च्या गळ्यालाही पेलावी. लता मंगेशकरांनी गायिलेली ती प्रार्थना चित्रपटगृहातून बाहेर पडली आणि शाळाशाळांतील मुलांच्या तोंडी बसली.

शांतारामांच्या पुढील ‘नवरंग’ (१९५९) या चित्रपटाला सी. रामचंद्र यांनी संगीत दिले. दीर्घ काळाची सोबत अशी सुटली तरी वसंतरावांचे काम अडले नाही. त्याच वर्षी ‘गूँज उठी शहनाई’मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई त्यांनी देशभर घुमविली. १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’ या नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या. ‘आशीर्वाद’ (१९६८) या चित्रपटात तर नट अशोककुमार यांच्याकडूनच त्यांनी मुलांसाठी आगगाडीचे गाणे गाऊन घेतले! गाडीच्या वेगाने धावणारे ते गाणे ऐकताना हसू आवरत नाही.

‘गुड्डी’ (१९७१) साठी वाणी जयराम या नव्या गायिकेची त्यांनी निवड केली. त्यातील मल्हार रागाचे गाणे गाजलेच. शिवाय शाळेतील मुलींची एक प्रार्थनाही त्यात होती. तीदेखील पुढे खऱ्या शाळांतून म्हटली जाऊ लागली.

२२ डिसेंबर १९७५ रोजी ध्वनिमुद्रण आटोपून वसंतराव मुंबईतील आपल्या घरी परतले. तेथे लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते.