रामशास्त्री प्रभुणे व गुन्ह्यातील हेतु

आमच्या बीड जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनास १७६३ च्या ऑगस्टमध्ये पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्या रणांगणावर लढलेले रघुनाथराव दहा वर्षांनी पुतण्याच्या खुनाचे दोषी ठरले. आणि त्यांस दोषी ठरविणारा पुरुष सेनापति नव्हता, एक निःस्पृह शास्त्री होता.

रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळील माहुलीचे. बालपण विद्येवांचून गेले. पुढे तारुण्यात काशीस जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १७५९ मध्ये ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपतपात गुंतून राज्यकारभार मागे टाकू लागले, तेव्हा त्यांसही राजधर्माची स्पष्ट जाणीव देण्यास शास्त्रीबोवा कचरले नाहीत.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांस ठार मारले. रघुनाथरावांचे म्हणणे असे की, आपली संमति पुतण्यास कैद करण्यापुरतीच होती. आनंदीबाईंनी हुकमातील धरावे या शब्दाचे मारावे केले ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. तिला निर्विवाद पुरावा मात्र नाही. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, रघुनाथरावांस दोषी ठरविले व या पातकास देहान्त हेच प्रायश्चित्त असे त्यांस तोंडावर सांगितले. मग पद सोडून ते वाईजवळील पांडववाडीस जाऊन राहिले. बारभाईंच्या हाती कारभार आल्यावरच ते परतले. १७८९ मध्ये त्यांचा अंत झाला.

केवळ कैद करण्याचा हेतु असणारा मनुष्य खुनाचा धनी होतो काय? आजचा कायदा अपराधी मनाच्या पायऱ्या पाडतो. ठार मारण्याचा उद्देश ही सर्वांत वरची. मरण ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव असूनही कृत्य करणे ही तिच्या खालची. हयगय त्याहून खाली. पायरी बदलते तशी शिक्षा बदलते. परंतु १८६० च्या दंडसंहितेच्या १११ व्या कलमाने एक पळवाट बुजविली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ५१ व्या कलमाने तोच नियम कायम ठेवला. चिथावणी एका कृत्याची दिली व घडले दुसरे, तरी ते दुसरे कृत्य त्या चिथावणीच्याच प्रभावाखाली झालेले व तिचा संभाव्य परिणाम असल्यास, चिथावणी देणाराही त्यास जबाबदार होय. सशस्त्र व असंतुष्ट गारद्यांस राजवाड्यात घुसविल्यावर रक्तपात संभाव्य नव्हता, असे कोण म्हणेल?

आमच्या व्यापारी बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. थकलेल्या रकमेसाठी चार दांडगे ऋणकोच्या दारी धाडावयाचे, आणि अनर्थ घडला म्हणजे आम्ही नुसता धाक घालावयास सांगितले होते म्हणून हात झटकावयाचे, ही रघुनाथरावांचीच सबब होय. तिचा निवाडा पुराव्यानेच व्हावा; लोकक्षोभ हा पुरावा नव्हे. पण पुरावा समोर आल्यावर आरोपीचे घराणे, संपत्ति वा पूर्वपराक्रम यांकडे न्यायासनाने पाहू नये. राक्षसभुवनाची कीर्ति शनिवारवाड्यातील रक्त धुऊ शकली नाही, ती रामशास्त्र्यांमुळे. असा न्याय मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे. तो मागण्याचे धैर्य आमच्या जिल्ह्याने दाखवावे.