जॉन स्कॉट हाल्डेन
जॉन स्कॉट हाल्डेन (१८६०–१९३६) हे स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म एडिनबरा येथे झाला. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळसा खाणीत स्फोट झाला. मृतदेह तपासून त्यांनी दाखवून दिले की, बहुतेक कामगार स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे दगावले होते. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने धोका कळत नसे. हाल्डेन यांनी तो स्वतःच्या श्वासावाटे घेऊन रक्तावरील परिणाम मोजला. प्रयोग जिवावर बेतणाराच होता. लहान प्राण्यांवर या वायूचा परिणाम माणसाआधी दिसतो, म्हणून असे प्राणी खाणीत नेण्याची सूचना त्यांनी केली. त्यातूनच कॅनरी पक्षी वापरात आला व ब्रिटिश खाणींत १९८० च्या दशकापर्यंत टिकला. १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन हे त्यांचे पुत्र होत.