ऑस्बर्न रेनॉल्ड्स : प्रवाहाचे मर्म शोधणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळी देवापुढे लावलेल्या उदबत्तीकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? वारा पडलेला असला म्हणजे धुराची रेघ काही अंतरापर्यंत ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ वर जाते. आणि मग, कुणी तिला स्पर्शही केलेला नसताना, ती डोलू लागते, तिच्यात वेटोळी पडतात व पाहता पाहता ती विस्कटून जाते. नळाची तोटी हळूहळू सोडीत गेले तरी हाच प्रकार दिसतो. प्रथम काचेच्या कांडीसारखी नितळ असलेली धार पाणी वाढताच खळबळू लागते. शांत प्रवाह केव्हा बिघडतो आणि का बिघडतो? हा प्रश्न दिसावयास साधा. परंतु प्रयोगाने त्याचा पहिला पक्का धागा हाती आणून देण्याचे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते, त्याचे नाव ऑस्बर्न रेनॉल्ड्स.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी झाला. त्यांचे बालपण मात्र इंग्लंडमधील डेडहॅम या गावी गेले. वडील केंब्रिजचे पदवीधर, पेशाने शिक्षक व धर्मोपदेशक. पण शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याचा त्यांना मोठा नाद होता. गणित आणि यंत्र या दोहोंची गोडी मुलाला घरातच लागली, ती अशी. एकोणिसाव्या वर्षी ऑस्बर्न थेट विद्यापीठात न जाता एका यांत्रिकाच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. हातांनी काम करता करता त्यांच्या ध्यानी आले की, यंत्रांचे वर्तन समजून घ्यावयाचे तर गणितावाचून गत्यंतर नाही. मग ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८६७ साली गणिताच्या परीक्षेत सातव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच साली त्यांचा विवाह झाला. परंतु जेमतेम वर्ष उलटते न उलटते तोच पत्नी निवर्तली. हे दुःख उराशी बाळगून त्यांनी कामात स्वतःला वाहून घेतले. शिक्षक म्हणून त्यांची व्याख्याने सोपी नसत. त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधाने विख्यात झालेले जे. जे. थॉमसन. त्यांच्या आठवणीत एक गमतीचा प्रसंग आहे. रेनॉल्ड्स पुस्तक उघडीत, त्यातील एखादे सूत्र चुकीचे आहे असे जाहीर करीत आणि मुलांकडे पाठ करून फळ्यावर ते खोडून काढण्यात गढून जात. तास संपता संपता सिद्ध होई ते हे की, पुस्तकातले सूत्र बरोबरच होते! पण ऐकीव गोष्ट स्वतः पडताळल्यावाचून मानावयाची नाही, हा धडा त्या वर्गात आपोआप मिळत असला पाहिजे.

त्यांचा जगप्रसिद्ध प्रयोग १८८३ साली प्रकाशित झाला. काचेच्या बाजू असलेली सहा फूट लांबीची एक टाकी, तिच्यात कर्ण्यासारख्या तोंडाची आडवी काचनळी, आणि नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडण्याची सोय, एवढाच सरंजाम. टाकीतले पाणी तासन्‌तास निवू द्यायचे आणि मग तोटी हळूच उघडायची. वेग कमी असला म्हणजे रंगाची रेघ नळीतून अगदी सरळ जाई. वेग वाढवीत नेल्यावर मात्र एका ठराविक क्षणी नळीच्या पुढील भागात ती रेघ फुटे आणि सगळे पाणी रंगून जाई. नळ्या बदलून, पाण्याचे तापमान बदलून रेनॉल्ड्स यांनी पुनःपुन्हा पाहिले. शेवटी त्यांना दिसून आले की, एकट्या वेगावर काहीच ठरत नाही. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या चिकटपणाने भागले असता जो आकडा येतो, त्यावर सारे अवलंबून असते. या आकड्यालाच १९०८ साली झोमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने रेनॉल्ड्स यांचे नाव दिले. विमानाची लहान प्रतिकृती बोगद्यातील वाऱ्यात तपासताना किंवा रक्तवाहिनीतील रक्ताचा विचार करताना आजही हाच आकडा मांडावा लागतो.

या प्रयोगात दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. खळबळलेले पाणी नळीत सोडले, तरी आकडा सुमारे २,००० च्या खाली असेल तर ते आपोआप शांत होते. उलट, पाणी अत्यंत निश्चल ठेवून जपून सोडले, तर १३,००० च्या आसपासपर्यंत ते शांत राहू शकते. म्हणजे मधल्या प्रदेशात शांतता टिकणे हे बाहेरून बसणाऱ्या धक्क्यावर ठरते. पुढील काळात त्याच उपकरणावर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा एवढी मोठी संख्या गाठता आली नाही. मँचेस्टरच्या रस्त्यांवरील रहदारीचे हादरेच आता त्या पाण्याला निवू देत नव्हते. दुसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. नुसत्या डोळ्यांना जे रंगाचे धुके दिसे, तेच विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले तेव्हा त्यात स्पष्ट भोवरे दिसले. गोंधळातही आकृती होती. ती पाहण्यासाठी योग्य प्रकाश तेवढा हवा होता.

रेनॉल्ड्स यांची दृष्टी सर्वत्र अशीच शोधक असे. ओल्या वाळूवरून चालताना पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडलेली आपण किनाऱ्यावर नेहमी पाहतो. दाब पडताच वाळूचे कण एकमेकांपासून दूर सरतात आणि वरचे पाणी मधल्या पोकळीत उतरते, हे कारण त्यांनी १८८५ साली उलगडले. पुढच्याच वर्षी त्यांनी यंत्रातील वंगणाचे गणित मांडले. १८८८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल अर्पण केले. १८९५ साली संक्षुब्ध प्रवाहाची सरासरी गती आणि तिच्यातील चढउतार वेगळे करून त्यांनी एक निबंध सादर केला. तो परीक्षकांनाही दुर्बोध वाटला. तरी लेखकाच्या योग्यतेवर विश्वास ठेवून तो छापण्यात आला, आणि पुढे या विषयाचा तो पाया ठरला. प्रकृती ढासळल्यामुळे १९०५ साली त्यांनी निवृत्ती पत्करली व २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा प्रश्न मात्र जिवंत राहिला. १९९० साली जपानचे मासातो नागाता यांनी, उलटसुलट सरकणाऱ्या दोन पाट्यांमधील प्रवाहाच्या समीकरणांतून एक नवे उत्तर शोधून काढले : काळाबरोबर ज्याची आकृती बदलत नाही असा, पण सरळ प्रवाहाहून निराळा, वळणावळणांचा प्रवाह. २००३ मध्ये नळीतील प्रवाहासाठीही अशी उत्तरे सापडली. तेथे लाटांची आकृती जशीच्या तशी राहून पुढे सरकत जाते. या आकृती स्थिर राहणाऱ्या नव्हेत. खळबळते पाणी त्यांच्याजवळ येते, क्षणभर त्यांच्यासारखे दिसते आणि दुसरीकडे निघून जाते. २००४ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे प्रत्यक्ष नळीत त्यांच्यासारख्या आकृती टिपल्या गेल्या. २०११ मध्ये, नळीतील खळबळ विरण्याऐवजी पसरू लागते तो आकडा सुमारे २,०४० असल्याचे निश्चित झाले. रेनॉल्ड्स यांच्या अंदाजाच्या तो किती जवळ आहे पाहा!

मुलांनो, ज्याला आपण गोंधळ म्हणून सोडून देतो, त्यातही नियम दडलेला असू शकतो. मात्र तो पाहणाऱ्याला पाणी निवेपर्यंत थांबावे लागते. आज सायंकाळी उदबत्ती लावाल, तेव्हा धुराची ती रेघ कोठे मोडते, एवढे तरी अवश्य पाहा.