गोळेश्वरचे खाशाबा

जबलपुरात नागपंचमीच्या दंगलीचा विषय निघाला की शेजारीपाजारी गामा पहिलवानाचे नाव आदराने घेतात. तो आदर आम्हांसही आहे. परंतु अशा वेळी खाशाबा जाधव यांचे नाव घेतले, तर आपल्याच घरातील मुले प्रश्नार्थक मुद्रेने पाहू लागतात. आपल्या मंडळाची स्थापना झाली तेव्हा खाशाबा हयात होते, पोलीस खात्यात नोकरी करीत होते. त्यांना एकदा नर्मदाकाठी बोलवावे, असे कोणास सुचल्याचे मात्र ऐकिवात नाही. ती चुटपूट मनात ठेवूनच या स्मरणिकेसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे पहिले धडे घरच्याच तालमीत मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ च्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि शाहू छत्रपतींनी मल्लविद्येचे माहेरघर केलेल्या त्या नगरीत त्यांच्या कुस्तीला धार आली. देह लहानखुरा, पण अंगात विलक्षण चपळाई. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या तरुणाला तेथे गादीवर लढावे लागले, नियमही निराळे. तरीही ५२ किलोच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट मात्र बिकट होती. निवडीत प्रथम त्यांना डावलले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली व फेरलढत जिंकून आपली जागा मिळविली. मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. मुंबई सरकारकडे मागितलेले साहाय्य मिळाले नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीपायी स्वतःचे छप्पर गहाण टाकणारा प्राचार्य आज कोठे शोधावा, हे वाचकांनीच आम्हांस सांगावे.

हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना पराभूत केले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी कुस्ती फार लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. त्या गटाचे सुवर्णपदक पुढे इशी यांनीच जिंकले. लागलीच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढण्यास त्यांना बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून हक्क मागण्यास भारतीय पथकातील एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे या ठिकाणी अंमळ थांबतो. नियमपुस्तकात नियम असणे आणि तो गरजूच्या वेळी कोणीतरी उघडून दाखविणे, यांतील अंतर आम्ही रोज पाहतो.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतले तर थेट २००८ साली आले. त्याच हेलसिंकीत हॉकी संघाने सुवर्ण जिंकले होते. त्या झळाळीत हे कांस्य देशाच्या नजरेस फारसे पडले नाही. कऱ्हाडकरांच्या मात्र पडले. शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत निघाली.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षे सेवा करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालदौडीत त्यांना स्थान मिळाले, पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

या साऱ्या मानसन्मानांहून आमच्या मनात घर करून राहिली आहे ती १९५२ सालचीच एक गोष्ट. हेलसिंकीहून परतल्यावर सत्काराचे हार उतरतात न उतरतात, तोच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले. त्यांतून जमलेली रक्कम त्यांनी प्राचार्य खर्डेकरांच्या हाती नेऊन ठेवली आणि गुरूचे गहाण पडलेले घर सोडविले.