एका बाटलीने घडविलेला वनवास

चोपडा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, तर दक्षिणेस तापी. कपाशीच्या शेतात वा केळीच्या बागेत कोणास सर्पदंश झाला, की नातेवाईक त्याला घेऊन तातडीने चोपड्याचे रुग्णालय गाठतात. अशा वेळी टोचल्या जाणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीवर, तसेच बालकांना पाजल्या जाणाऱ्या पोलिओच्या लसीवर, महाराष्ट्राने वर्षानुवर्षे एक नाव वाचले : हाफकिन. हे एखाद्या कारखान्याचे नाव असावे, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. परळच्या प्रयोगशाळेत त्याने आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे वेचली आणि तेथूनच त्याला अपमानित होऊन जावे लागले.

चोपड्यात आज श्रीमती शरदचंद्रिका सुरेश पाटील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या तरुणांनी तरी हे चरित्र अवश्य वाचावे. औषध तयार करणारा, ते सांभाळणारा आणि ते टोचणारा या साखळीतील एखादी कडी निसटली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. विख्यात शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. क्रांतिकारकांशी असलेला संबंध आणि ज्यू धर्म, या दोन्ही गोष्टी झारच्या राजवटीत आड येणाऱ्याच होत्या. धर्मांतर केल्यास प्राध्यापकपद मिळेल, असे सुचविले गेले. त्यांनी ते नाकारले. १८८८ मध्ये ते जिनिव्हास गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली, ती मात्र साहाय्यक ग्रंथपालाची! दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करावा, असा क्रम सुरू झाला. त्यातूनच पटकीची लस सिद्ध झाली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

पटकीचे माहेरघर म्हणजे बंगाल. १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यास आले आणि दोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते. प्राणिशास्त्राचा पदवीधर, तोही परका आणि ज्यू; सरकारी वैद्यकीय सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांना हा माणूस आपल्या प्रांतात घुसलेला वाटत होता. हे शल्य पुढे उफाळून आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि तिच्यालगतचा बोळ, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. जगातील अत्यंत घातक जंतू ज्यांच्या हातांतून जाणार, त्यांना त्या कामाचे कसलेही शिक्षण नव्हते! या माणसांच्या साह्याने त्यांनी लस तयार केली कशी, हे खरोखर सांगण्याजोगे आहे. मांसरसात जंतू वाढवायचे, तर हिंदू समाजाच्या भावना ध्यानी घेऊन त्यांनी गोमांसाऐवजी बकऱ्याचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब तरंगत सोडले, की जंतू त्या थेंबांना धरून गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या खडूच्या कांड्यांसारखे खाली वाढत. हलवून ते तळाशी पाडायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे, असे कित्येक आठवडे चाले. मग सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेवर तासभर ठेवून जंतू मारायचे आणि शेवटी थोडे कार्बोलिक आम्ल मिसळायचे. या शेवटच्या पायरीची वाचकांनी नोंद ठेवावी.

१० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली आणि तिचा गुण दिसून आला. तो काळच भयंकर होता. त्याच मार्चमध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. जूनमध्ये पुण्यात रँडचा वध झाला. उंदीर पडला, की गाव ओस टाकून मळ्यात झोपड्या घालून राहायचे, ही रीत महाराष्ट्रभर पडली. घरात घुसून झडती घेणाऱ्या सरकारची सुईदेखील लोकांना संशयास्पद वाटावी, यात नवल नव्हते. अशा वेळी आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतले आणि आपल्या समाजास वाट दाखविली. बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी १८९८ मध्ये घराघरांतील निम्म्या माणसांना लस देऊन परीक्षा पाहण्यात आली. लागण झालेल्या २८ कुटुंबांतील ७१ जणांनी लस घेतलेली होती. त्यांपैकी ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. पुढच्या वर्षी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग १९०२ साल उजाडले. पंजाबात लाखो मात्रांची मागणी आली. काम उरकावे म्हणून हाफकिन यांनी नवी, जलद पद्धत स्वीकारली आणि तीत कार्बोलिक आम्ल वगळले. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते.

सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या आयोगाने ठपका ठेवला तो परळवर : बाटली तेथेच दूषित झाली असावी. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु साक्षींत एक बारीकशी गोष्ट नोंदली गेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली कित्येक आठवडे आधी भरलेली. जंतू तेव्हाच शिरले असते, तर उघडताना दुर्गंधी आलीच असती. टोचणाऱ्या डॉक्टरांनी ती हुंगली होती आणि त्यांना काही वावगे जाणवले नव्हते. रोगाची लक्षणेही आठवडाभराने दिसू लागली.

दोष एकट्या साहाय्यकाचा होता, असे म्हणणे आम्हास अन्यायाचे वाटते. जमिनीवर पडलेला चिमटा म्हणजे नेमके काय, हे त्याला कोणी कधी नीट शिकविले होते? आणि आम्ल वगळल्यावर बाटलीची ती राखण गेली, हेही नाकारता येणार नाही. अमेरिकेत आज औषधशास्त्राचा पदवीधर इच्छा असल्यास रुग्णालयात वर्षभराचे निवासी प्रशिक्षण घेऊ शकतो आणि केवळ संसर्गजन्य रोगांसाठी आणखी एक वर्ष डॉक्टरांच्या बरोबरीने घालवू शकतो. कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत, किती दिवस, यावर त्याचा शब्द विचारला जातो. आपल्याकडे २००८ मध्ये ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच जाते. मात्र संसर्गरोगांपुरते स्वतंत्र निवासी शिक्षण अद्याप रुळलेले नाही. क्षयाचे औषध अर्धवट सोडणारा रोगी आणि चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मागणारे गिऱ्हाईक, दोघेही आधी औषध दुकानाच्या फळीशीच येतात.

आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होण्यास १९०६ उजाडले. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. हाफकिन परतले, ते मात्र कोलकात्यास. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. नव्या जागी लस बनविण्याची सोय नव्हती. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपात निघून गेले.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. ते अविवाहित राहिले. उत्तरायुष्यात धर्माचरणाकडे त्यांचा ओढा वाढला होता. पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी त्यांनी आपली मिळकत एका न्यासाकडे सोपविली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.