अडगळीतल्या मशीनवर युनिक्स उभं राहिलं, अन् डेनिस रिचींनी ते वाटेल त्या मशीनवर नेलं

समजा, थेरगावातल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये २०१४ चा पीसी आहे. बिलं, चलनं, सगळं त्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चढत नाही. मशीन धडधाकट, पण जो तो म्हणतो भंगारात काढा. मग कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो, लिनक्स टाकतो आणि गाडी पुन्हा रुळावर.

हे जमतं, त्यात डेनिस रिची या माणसाचा मोठा हात आहे.

जन्म १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्जमध्ये. रिची हार्वर्डला शिकले, पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण बाइंड केलेली प्रत जमाच केली नाही. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच! १९६७ ला तेही बेल लॅब्जमध्ये लागले.

१९६९ ला बेल लॅब्जने मल्टिक्स या अवाढव्य प्रोजेक्टमधून अंग काढून घेतलं. सहकारी केन थॉम्पसन यांना नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची होती, पण नव्या मशीनसाठी पैसे मिळेनात. शेवटी त्यांना फारसं कोणी वापरत नसलेलं, तेव्हाच जुनं झालेलं पीडीपी-७ सापडलं. मेमरी साधारण १८ केबी. व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही मावणार नाही इतकी. त्यावर थॉम्पसन, रिची आणि सहकाऱ्यांनी युनिक्स उभं केलं.

पण ते त्याच मशीनच्या असेंब्ली भाषेत होतं. मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून लिहा. इथं रिचींनी खरा डाव टाकला. त्यांनी ‘सी’ ही भाषा तयार केली आणि १९७३ ला युनिक्स सीमध्ये पुन्हा लिहिलं गेलं. आता नव्या मशीनसाठी कंपायलर बनवायचा, हार्डवेअरला थेट भिडणारा थोडा कोड बदलायचा, बाकीचा बहुतेक तसाच.

युनिक्स मात्र एटी अँड टीच्या परवान्यात अडकलेलं होतं. १९९१ ला लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स नव्याने लिहिलं, सीमध्येच, युनिक्सच्याच वळणावर. त्याचा कोड खुला. त्यामुळे कंपनीने जुन्या प्रिंटरकडे पाठ फिरवली तरी दुसरं कोणी त्याचा ड्रायव्हर लिहू शकतं. दरवेळी जमतंच असं नाही, एखादं वायफाय कार्ड रुसतंच. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही याच घराण्यातलं, ते मराठीतही चालतं.

१९८३ चं ट्युरिंग अवॉर्ड रिची आणि थॉम्पसन यांना मिळालं. ५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेले, जगभर हळहळ झाली. आठवडाभराने, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या घरी ७० वर्षांचे रिची मृतावस्थेत आढळले. त्याची बातमी तुलनेनं फारच कमी जणांपर्यंत पोचली. जॉब्स यांच्या आयफोनच्या सिस्टिमचं मूळही युनिक्समध्येच आहे.