आचार्य धर्मानंद कोसंबी : एकट्याची वाट

चंद्रपूरहून वरोरा व हिंगणघाट मागे टाकीत आगगाडी सेवाग्रामास पोहोचते. तेथील आश्रमात ४ जून १९४७ रोजी आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी देह ठेविला. एकट्याने केलेल्या प्रवासाचे सुख, त्याचे फळ आणि त्याचे मोल ही तिन्ही त्यांच्या चरित्रात आढळतात. म्हणून ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

गोव्यातील साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. घरच्या नारळीच्या बागा सांभाळणे हाच उद्योग. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणावा अशी तळमळ त्यांस लागली. गावी ना तसा ग्रंथ, ना गुरू. अखेर १८९९ साली आप्तांपैकी कोणासही बरोबर न घेता त्यांनी घर सोडिले. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी राहिली.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साह्य लाभले. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नेपाळ पाहिले, बुद्धगया पाहिली. पण मनाची तहान भागली नाही. १९०२ साली ते सिंहलद्वीपास गेले. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांस पाली भाषा मिळाली. त्यानंतर ब्रह्मदेशही त्यांनी पाहिला.

सोबत्यांसह जाणारा प्रवासी आपल्याच मंडळींशी बोलतो. एकट्याला मात्र परक्याशी बोलावे लागते, त्याची भाषा शिकावी लागते, तो देईल ते अन्न गोड मानावे लागते. अशाने परका आप्त होतो, आणि आपणांस किती थोडे ठाऊक आहे हेही उमजते. गाठीस पैसा नसलेल्या कोसंबींस ही संपत्ती वाटेवरच लाभली.

सात वर्षांनी, १९०६ साली, ते परतले व कलकत्त्यास पाली शिकवू लागले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंशोधनास बोलाविले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थी घडविले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वाचकांच्या घरी पोहोचला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तो दिवस पाहण्यास मात्र ते हयात नव्हते.

या यशात बाळाबाईंचाही वाटा आहे, हे आम्ही विसरू नये. त्या सात वर्षांचा भार त्यांनी मुकाट्याने वाहिला. अहेरी-सिरोंच्याकडील कित्येक मुले आज शिक्षणासाठी एकटीच दूर जातात. पालकांनी त्यांस अडवू नये. मुलांनीही घरी कोण वाट पाहत आहे हे ध्यानी ठेवावे, आणि मिळविलेले ज्ञान कोसंबींप्रमाणे परत आणून वाटावे, एवढीच आमची इच्छा.